गोव्याच्या उकाड्यात घरची बिअर: या चुका टाळा

होमब्रूइंगची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांत तयार होतात. त्यातलं 'रूम टेम्परेचर' म्हणजे १८ ते २० अंश. मडगावात मे महिन्यात मध्यरात्रीसुद्धा बंद खोलीत २८-२९ अंश असतात. रेसिपी तीच, मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) तेच, तरी बाटली उघडली की थिनरसारखा वास येतो. कारण बहुतेक वेळा या दहा अंशांत असतं. म्हणून महागडे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) मागवण्याआधी तापमानाची सोय करा.

त्याहीआधी एक काम. गोव्यात मद्यनिर्मिती १९६४ च्या अबकारी शुल्क कायद्याखाली येते. घरच्या वापरापुरती छोटी बॅच असली तरी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात विचारून, काय लागेल ते लेखी घ्या. विकण्याचा तर प्रश्नच नाही.

खोलीचं तापमान पाहून यीस्ट टाकणं

यीस्ट साखर खाताना स्वतः उष्णता सोडतं. २० लिटरच्या फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) पहिल्या तीन दिवसांत आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंश वर जातं. खोली ३० अंशांवर असेल तर बिअर ३४-३५ अंशांवर आंबते. साध्या एल (लागरपेक्षा उबेत आंबणारी बिअर) यीस्टला १८ ते २० हवे असतात. एवढ्या उष्णतेत ते जड अल्कोहोलं तयार करतं. चव जळजळीत लागते. ही चव बाटलीत मुरून जात नाही. चौथ्या दिवशी थंड करायला घेतलं तर उशीर झालेला असतो, कारण जे व्हायचं ते पहिल्या ७२ तासांत होऊन जातं.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे जुना फ्रिज आणि बाहेरून जोडलेला थर्मोस्टॅट कंट्रोलर. इथेही एक चूक हमखास होते: सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवला जातो. हवा पटकन थंड होते, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि बिअर तापलेलीच राहते. सेन्सर फर्मेंटरच्या बाजूला, बिअरच्या पातळीखाली, वरून स्पंजचा तुकडा ठेवून टेपने घट्ट चिकटवा. कंट्रोलर १८ वर, फरक १ अंश, कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी ५ मिनिटांचा विराम. चौथ्या-पाचव्या दिवशी २१ पर्यंत वाढू द्या, म्हणजे लोण्यासारखी चव देणारं डायअसेटिल यीस्ट स्वतःच साफ करतं. पावसाळ्यात वीज गेली तर घाबरू नका, फक्त दार उघडू नका. २० लिटर द्रव काही तास आपलं तापमान सहज धरून ठेवतो.

फ्रिज नसला की लोक ओला टॉवेल आणि पंख्याची युक्ती करतात. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात ती चालते. गोव्यात नाही. बाष्पीभवनाला कोरडी हवा लागते, आणि जुलैत आर्द्रता ९० टक्क्यांवर असताना टॉवेलने दीड अंशही उतरत नाही. वर फर्मेंटरला बुरशी धरते ती वेगळीच. त्यापेक्षा मासळीची मोठी थर्माकोल पेटी घ्या. आत फर्मेंटर, बाजूला गोठवलेल्या दोन लिटरच्या दोन बाटल्या, सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. थर्मामीटर बघून बाटल्या कमी-जास्त करा.

तेही जमत नसेल तर उष्णतेशी भांडू नका, यीस्ट बदला. नॉर्वेचं क्वाइक, विशेषतः व्हॉस जातीचं, २५ ते ४० अंशांत चालतं आणि संत्र्याच्या सालीसारखी झाक देतं. मात्र त्याला पोषण जास्त लागतं. हलक्या बिअरमध्ये यीस्ट न्यूट्रिएंट टाकायला विसरलात तर ते मध्येच थांबतं. एप्रिल-मे महिन्यांत व्हॉस किंवा सेझों (उष्णता सोसणारं बेल्जियन यीस्ट), डिसेंबर-जानेवारीत बाकीचं, हा क्रम शहाणपणाचा. फ्रिजशिवाय लागर (थंडीत आंबवायची बिअर) करू नका.

उकळलेला वर्ट नळाच्या पाण्याने थंड करणं

तांब्याच्या कॉइलमधून नळाचं पाणी सोडलं की वर्ट (मॉल्टचा गोड काढा) २० अंशांवर येतो, असं पुस्तक सांगतं. आपल्या टाकीतलं पाणीच ३० अंशांचं. कॉइल ३४-३५ च्या खाली नेऊच शकत नाही, आणि तिथेच यीस्ट टाकलं की वरचा सगळा घोटाळा सुरू. दोन टप्पे करा. नळाच्या पाण्याने ३५ पर्यंत आणा. मग बादलीत बर्फ-पाणी आणि कूलरचा छोटा पंप घेऊन तेच पाणी कॉइलमधून फिरवा. २० लिटर वर्ट ३५ वरून २० वर आणायला हिशेबाने साडेतीन किलोच्या आत बर्फ लागतो. गळती धरून ५-६ किलो ठेवा. मासळी बाजारातला बर्फ यासाठी चालेल, पण बादलीतच. वर्टला त्याचा थेंबही लागता कामा नये.

आणि पिल्सनर मॉल्ट असेल तर ९० मिनिटं, झाकण न ठेवता उकळा. झाकण ठेवलं तर उकडलेल्या मक्याचा वास मागे राहतो.

मोजमापातले छोटे फरक

इथे धान्यच ३० अंशांचं असतं. किलोला ३ लिटर पाणी आणि ६६ अंशांचा मॅश (दळलेलं मॉल्ट गरम पाण्यात भिजवणं) हवा असेल, तर २० अंशांच्या धान्यासाठी पाणी सुमारे ७२ अंशांचं लागतं, आपल्याकडे ७१ पुरतं. हायड्रोमीटरचंही (द्रवाची घनता मोजणारं साधन) तसंच. २० अंशांसाठी बनवलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या द्रवात अडीच पॉइंट (०.००२५) कमी दाखवतो: १.०४८ दिसलं तर खरं १.०५० च्या वर. नमुना थंड करून मोजा, नाहीतर बेरीज करा.

पाणी चाखून न बघणं

औषधी पट्टीसारखी चव आली की लोक संसर्ग झाला म्हणतात. बऱ्याचदा तो नळाच्या पाण्यातला क्लोरीन असतो. मॉल्टमधल्या फिनॉलशी जुळला की अगदी किंचित असला तरी जिभेला कळतो. २० लिटरला पाव ग्रॅमहून कमी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आदल्या रात्री टाका. विहिरीचं पाणी वापरणार असाल तर लोह तपासून घ्या. जांभ्याच्या जमिनीत ते असू शकतं आणि बिअरला गंजलेल्या खिळ्याची चव येते. आरओचं पाणी वापरलंत तर कॅल्शियम उरत नाही. २० लिटरला ४ ग्रॅम जिप्सम टाका.

पावसाळ्यात दळलेलं मॉल्ट उघडं ठेवणं

दळलेलं मॉल्ट दमट हवेत लगेच सादळतं, मग बिअर पुठ्ठ्यासारखी लागते. अख्खं मॉल्ट हवाबंद डब्यात, हॉप्स फ्रीझरमध्ये, यीस्ट फ्रिजमध्ये. मे महिन्यात कुरिअरने मागवलेलं यीस्ट वाटेत किती तापलं कुणाला ठाऊक. जास्तीचं पाकीट हाताशी असू द्या.

काजूच्या मोसमात चिलटांना वाट मोकळी ठेवणं

मार्च ते मे. आजूबाजूला बोंडं कुजताहेत, हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) भट्ट्या पेटल्यात, हवेत चिलटंच चिलटं. प्रत्येक चिलट पायांना व्हिनेगरचे जिवाणू घेऊन फिरतं. एक आत शिरलं आणि वर हवा असली की बिअर आंबट. एअरलॉकमध्ये (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) पाण्याऐवजी व्होडका किंवा सॅनिटायझर भरा. पहिल्या दोन दिवसांत फेस जोरात येतो, तेव्हा जाड नळी बाटलीत बुडवून ठेवा. फॉस्फोरिक आम्लाचं सॅनिटायझर लिटरला दीड मिलि पुरतं. आधी मात्र डाग घासून काढा, कारण मळावर कुठलंही सॅनिटायझर चालत नाही. ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली फेकून द्या.

सान्नांसाठी (इडलीसारखा गोव्याचा पदार्थ) आणलेली सूर (माडी) यीस्टच्या जागी टाकून बघण्याचा मोह होतो. तिच्यात जिवाणूही असतात. मुद्दाम आंबट बिअर करायची असेल तरच, आणि वेगळ्या भांड्यात.

बाटलीत अंदाजे साखर

२० लिटरला ११५ ते १२० ग्रॅम साखर उकळून, थंड करून, सगळ्या बिअरमध्ये नीट मिसळा. प्रत्येक बाटलीत चमचा टाकणं हा जुगार आहे. त्याआधी तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली हायड्रोमीटरची दोन मापं सारखी हवीत. ती न बघता भरलेल्या बाटल्या ३३ अंशांच्या खोलीत फुटतात, आणि काचा डोळ्यात जातात. सेझों यीस्टच्या काही जाती हळूहळू शेवटची साखरही खातात. तिथे आठवडाभर जास्त थांबा. भरलेल्या बाटल्या जाड पेटीत, वर कापड टाकून ठेवा. दोन आठवड्यांनी गॅस धरला की लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर हॉप्सचा सुगंध उडून जातो.

चव न ओळखता परदेशी पब-सहलीला निघणं

बिअरमधली लवंग ही चूक की शैली? बव्हेरियाच्या व्हाइसबिअरमध्ये (गव्हाच्या बिअरमध्ये) ती यीस्टकडूनच येते आणि हवी असते. असे प्रश्न घेऊन सहल आखली तर तिचा उपयोग होतो. दहा दिवसांत पाच देश ही पहिली चूक. त्यापेक्षा कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ घ्या. रेल्वेने अंतर जवळपास अर्ध्या तासाचं, पण एकीकडे फिकट कोल्श, दुसरीकडे तांबूस आल्ट. कोल्श २०० मिलिच्या ग्लासात येते आणि वेटर न विचारता भरत राहतो. पुरे झालं की कोस्टर ग्लासवर ठेवायचं. हे ठाऊक नसेल तर बिल वाढत राहतं.

प्रागमध्ये टेबलावरच्या चिठ्ठीवर रेघा मारतात, ती हरवू नका. चेक रस्त्यांवर चालकाला दारूची मर्यादा शून्य आहे. पिल्झेनला (पिल्सनर बिअरचं गाव) रेल्वेनेच जा. इंग्लंडमध्ये कास्क एल (पिंपातच मुरणारी बिअर) ११ ते १३ अंशांवर, अगदी कमी गॅसने देतात. 'गरम आहे' म्हणून परत करू नका. २८४ मिलिचा हाफ मागवा, म्हणजे जास्त प्रकार चाखता येतात. बांबेर्गची धुरकट राउखबिअर पहिल्या घोटाला विचित्र वाटते, जीभ दुसऱ्या-तिसऱ्या ग्लासात सरावते. जर्मनीत अनेक पब आठवड्यातून एक दिवस बंद असतात, तो आधी बघा.

ब्रसेल्समध्ये कांतियों ब्रुअरी पाहण्यासारखी आहे. तिथे उकळलेला वर्ट उथळ भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले जीव त्यात पडतात. हे काम थंडीच्या महिन्यांतच करतात, कारण उबदार रात्री नको ते जिवाणू आधी वाढतात. गोव्याच्या गच्चीवर तसं का करू नये, याचं उत्तर तिथेच मिळतं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी तो जमा व्हायलाच हवा. परतताना भारतात दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. ३३० मिलिच्या सहा बाटल्या त्यात बसतात. कपड्यांत गुंडाळून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून चेक-इन सामानात टाका, आणि दाबोळी किंवा मोपाला उतरल्यावर तापलेल्या गाडीत सोडू नका.