नाण्यावर बोटाचा ठसा उमटू देऊ नका

नागपूरच्या मे महिन्यात हाताला सतत घाम असतो आणि त्याच हाताने आपण नाणी दाखवत सुटतो. घामातलं मीठ आणि त्वचेचं तेल धातूवर बसतं. तांब्या-कांस्यावर, उदाहरणार्थ 1943 ते 47 च्या भोकाच्या पैशावर, काही दिवसांत रेषांसकट तपकिरी ठसा दिसू लागतो. तो धातूत मुरला की निघत नाही आणि इतवारीच्या बाजारात विकायला नेलं की भाव पडतो.

1. हात धुऊन कोरडे करा. नाणं फक्त कडेला, दोन बोटांत धरा; खाली जाड टॉवेल अंथरा.
2. ठसा ताजा असेल तर लगेच काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन (तेल विरघळवणारं द्रव) घेऊन नाणं मिनिटभर बुडवा. दुसऱ्या, स्वच्छ ॲसिटोनमधून काढा आणि तसंच वाळू द्या. पुसायचं अजिबात नाही, मऊ कापडानेही बारीक चरे पडतात.
3. नाणी ठेवायला पीव्हीसीची (मऊ प्लास्टिकची) पाकिटं टाळा.

ॲसिटोन पटकन पेटतं, म्हणून गॅसपासून लांब, खिडकी उघडून वापरा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. आणि जुना ठसा चिंच-लिंबाने घासू नका. ठशाचं नाणं तरी विकलं जातं, घासून चकचकीत केलेलं जाणकार संग्राहक हातात घेऊन परत ठेवतो.