छोटी कॅनोपी घेण्याआधी
पॅराशूटचं कापडी छत, म्हणजे कॅनोपी, लहान करायचा मोह झाला की आधी विंग लोडिंग काढा: कपडे आणि रिगसकट (पाठीवरचा पॅराशूटचा सगळा संच) तुमचं वजन पौंडांत, भागिले कॅनोपीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत. 92 किलो म्हणजे साधारण 203 पौंड. 190 च्या कॅनोपीवर 1.07, 150 वर थेट 1.35. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. लोडिंग तेवढंच असलं तरी लहान कॅनोपीच्या दोऱ्या आखूड असतात, ती झटकन वळते. जमिनीलगत अडथळा दिसला आणि घाबरून एक टॉगल (वळण्यासाठी ओढायची मूठ) खेचला, तर कॅनोपी वळताना खाली झेपावते आणि नीट उघडलेल्या पॅराशूटखालीही जीव जातो. म्हणून ब्रेक धरून, म्हणजे दोन्ही टॉगल थोडे ओढून, सपाट वळण घेणं आत्ताच्या मोठ्या कॅनोपीवर, भरपूर उंचीवर घोटून घ्या. ते हातात बसलं, की प्रशिक्षकाला विचारून एकच माप खाली उतरा.