शोधनिबंध वाचताना आधी मोजणी तपासा

वर्गातील मुलांची संख्या कमी केली तर मुले अधिक शिकतात का, घरातील कोणी नवे औषध सुरू करावे का, शाळेतील छळ थांबवणारा उपक्रम खरोखर उपयोगी पडतो का आणि काचेच्या बशीतील कर्करोगाच्या पेशी एखाद्या द्रव्याने मेल्या तर त्याचा रुग्णाशी काय संबंध, हे प्रश्न चार वेगळ्या विद्याशाखांचे आहेत. पालक किंवा शिक्षक असलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र ते सगळेच येतात, आणि बहुधा बातमीतील एका ओळीच्या रूपात येतात. त्या ओळीमागचा मूळ शोधनिबंध उघडून वाचता येतो आणि त्यासाठी त्या विषयाची पदवी लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. निष्कर्षाकडे वळण्याआधी काय मोजले, कोणाचे मोजले आणि कशाशी ताडून पाहिले, हे शोधण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

शोधनिबंध ज्या क्रमाने छापला जातो त्या क्रमाने तो वाचू नये. गोषवारा केवळ प्रश्न कळण्यापुरता वाचावा, त्यानंतर थेट पद्धतीच्या भागाकडे जावे, मग तक्ते व आकृत्या पाहाव्यात आणि लेखकांनी काढलेला निष्कर्ष सर्वांत शेवटी वाचावा. मी स्वतः पद्धतीचा भाग वाचून झाला की कागदावर एक वाक्य पूर्ण करतो: ‘इतक्या व्यक्तींमध्ये, इतक्या काळात, अमुक गोष्ट अशा प्रकारे मोजली आणि ती अमुक गटाशी ताडून पाहिली.’ या वाक्यातील एखादी जागा रिकामी राहिली, तर निष्कर्ष कितीही आकर्षक असला तरी पुढे जाण्यात अर्थ नसतो. अनेकदा तुलनेचा गटच नसतो, आणि तो नाही हे गोषवाऱ्यावरून कळतही नाही.

शिक्षण: तुलना कोणाशी?

लहान वर्गांत शिकणाऱ्या मुलांचे गुण चांगले असतात, एवढ्यावरून लहान वर्गामुळे गुण वाढले असे सिद्ध होत नाही. ज्या शाळांना लहान वर्ग परवडतात, त्यांची इतर परिस्थितीही बरी असण्याची शक्यता असते. हा गुंता सोडवण्यासाठी अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. ७९ शाळांतील मुलांची बालवर्गापासून तिसरीपर्यंत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, तीन प्रकारच्या वर्गांत विभागणी करण्यात आली: १३ ते १७ मुलांचे लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचे नेहमीचे वर्ग आणि नेहमीच्याच आकाराचे पण जोडीला मदतनीस असलेले वर्ग. अशा विभागणीमुळे घरची परिस्थिती, आधीची तयारी, पालकांची आस्था या गोष्टी सर्व गटांत सारख्या प्रमाणात वाटल्या जातात, आणि म्हणूनच गटांमध्ये नंतर दिसणाऱ्या फरकाचे श्रेय वर्गाच्या आकाराला देता येते. लहान वर्गांतील मुलांची चाचण्यांतील कामगिरी सरस ठरली आणि वंचित घरांतील मुलांना अधिक लाभ झाल्याचे दिसले. मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही.

आता याच उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग पाहावा, कारण तो बहुतेकदा सांगायचा राहून जातो. १९९६ साली कॅलिफोर्नियाने सुरुवातीच्या इयत्तांतील वर्ग राज्यभर लहान करण्याचे ठरवले. त्यासाठी एकाच वेळी हजारो नवे शिक्षक घ्यावे लागले, त्यांतील अनेकांकडे पूर्ण प्रशिक्षण नव्हते, आणि टेनेसीत दिसला तसा स्पष्ट लाभ तेथे दाखवता आला नाही. टेनेसीचा प्रयोग त्यामुळे चुकीचा ठरत नाही. मात्र कोणताही शैक्षणिक अभ्यास वाचताना एक प्रश्न जरूर विचारावा: जे केले ते करताना इतर काय काय जागच्या जागी होते, आणि आपल्याकडे ते आहे का?

मोजणी केव्हा केली, हेही पाहावे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. चाचणी केवळ त्याच दिवशी घेतली असती तर नेमका उलटा सल्ला शाळाशाळांत पोहोचला असता.

कुटुंबाच्या आरोग्याचे निर्णय: किती जणांपैकी किती?

या भागासाठी मी वाचकाला अधिक वेळ द्यायला सांगेन, कारण येथील चुकीची किंमत घरातल्या माणसाला मोजावी लागते.

१९९५ साली ब्रिटनमध्ये असा इशारा देण्यात आला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. विधान खोटे नव्हते. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांपैकी एकीला गुठळी होत असे आणि नव्या गोळ्यांमुळे ते प्रमाण सुमारे ७,००० मध्ये दोन झाले होते. परंतु ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून असंख्य स्त्रियांनी गोळ्या तडकाफडकी बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हे लक्षात घेतले तर या घटनेतील दुःख अधिकच जाणवते. म्हणून धोका दुप्पट झाला, निम्मा झाला किंवा २६ टक्क्यांनी वाढला असे वाचले की लगेच विचारावे: आधी किती जणांपैकी किती, आणि आता किती जणांपैकी किती? ही आकडेवारी शोधनिबंधात जवळजवळ नेहमीच असते. ती तक्त्यात शोधावी लागते.

वर २६ टक्के म्हटले ते सहज म्हटलेले नाही. रजोनिवृत्तीनंतर घेतल्या जाणाऱ्या संप्रेरकांवरील अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, ज्यात १६,६०८ स्त्रिया सहभागी होत्या, स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण एवढे वाढलेले आढळले आणि २००२ साली चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवण्यात आला. प्रत्यक्ष आकड्यांत ही वाढ दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ८ इतकी होती. दोन्ही आकडे खरे आहेत आणि निर्णय घेताना दोन्ही समोर हवेत. त्याआधी केवळ निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांत ही संप्रेरके हृदयाला उपकारक वाटत होती. ती घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतील आणि आरोग्याबाबत जागरूक होत्या, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यावर तो लाभ दिसेनासा झाला.

दुसरी तपासणी म्हणजे जे मोजले ते रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते का. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनियमित ठोके पडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अधिक असतो, म्हणून ठोके नियमित करणारी औषधे जीव वाचवतील असा विश्वास होता. औषधांनी ठोके खरोखर सुधारले. १९८९ साली जाहीर झालेल्या चाचणीत मात्र अशी काही औषधे घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाल्याचे दिसले. रक्तातील एखादी पातळी, तपासणीच्या चित्रावरील एखादी सावली, यंत्रावरील एखादी रेषा सुधारली असे वाचले, तर माणूस जास्त जगला का, त्याचे दुखणे कमी झाले का, हे वेगळे शोधावे.

तिसरी तपासणी संख्येची. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ सालचा निबंध अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता, त्यात तुलनेचा गट नव्हता, आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने तो २०१० साली मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद वर्षानुवर्षे तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. हे दोन अभ्यास ‘दोन बाजू’ म्हणून शेजारी शेजारी मांडणे हा वाचकावर अन्याय आहे.

हे सर्व पाहून झाले की डॉक्टरांकडे कागदावर लिहिलेले तीन प्रश्न घेऊन जावे: काहीच केले नाही तर आमच्यासारख्या शंभर जणांपैकी किती जणांना हा त्रास होईल, उपचार घेतल्यास किती जणांना होईल, आणि अभ्यासातील माणसे वयाने व आजाराने आमच्या माणसासारखी होती का? अशा प्रश्नांना डॉक्टर सहसा मोकळेपणाने उत्तर देतात. चालू असलेले औषध मात्र केवळ एक निबंध वाचून बंद करू नये.

शाळेतील छळ: व्याख्या बदलली की आकडा बदलतो

या विषयाच्या संशोधनाचा पाया घालणारे डॅन ओल्व्हेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: तो हेतुपुरस्सर असतो, वारंवार होतो आणि त्यात बळाचे पारडे एका बाजूला झुकलेले असते. दोन सारख्या ताकदीच्या मुलांचे एखादे भांडण त्यामुळे यात बसत नाही. प्रत्येक अभ्यास ही व्याख्या पाळतोच असे नाही. युनेस्कोच्या २०१९ सालच्या अहवालानुसार जगभरातील जवळजवळ दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाने मागील महिन्यात निदान एकदा छळ सोसला होता. प्रश्नावलीत ‘महिन्यातून दोनतीनदा किंवा अधिक’ अशी अट घातली की त्याच मुलांतून लहान आकडा निघतो. म्हणून दोन शाळांची किंवा दोन देशांची तुलना वाचण्याआधी मुलांना नेमका कोणता प्रश्न विचारला होता, तो शब्दशः शोधावा.

उपक्रमाचा परिणाम पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुलांना छळ ओळखायला शिकवले की सुरुवातीला तक्रारी वाढू शकतात, आणि तक्रारपेटीतील चिठ्ठ्या मोजणाऱ्या शाळेला उपक्रम फसल्यासारखा वाटतो. निनावी प्रश्नावली, आधी आणि नंतर, आणि उपक्रम नसलेल्या शाळांतही, एवढे असेल तरच उत्तर विश्वासार्ह ठरते. २००९ साली अशा अनेक मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा उपक्रमांमुळे छळ करण्याचे प्रमाण सरासरी २० ते २३ टक्क्यांनी आणि छळ सोसण्याचे प्रमाण १७ ते २० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. एखादा उपक्रम छळ पूर्णपणे संपवतो असा दावा कोणी केला, तर ही सरासरी आठवावी. तरीही पाचांतील एका मुलाची सुटका ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

फिनलंडमधील ‘किवा’ या उपक्रमाच्या एका चाचणीत ७८ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुले होती. उपक्रम संपूर्ण शाळेला लागू होतो, त्यामुळे विभागणी मुलांची न करता शाळांची करण्यात आली. एका शाळेतील मुले एकाच वातावरणात वाढतात, एकमेकांकडून शिकतात, आणि म्हणून त्यांची उत्तरे एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात. एका शाळेत उपक्रम आणि दुसऱ्या एका शाळेत नाही अशा अभ्यासात हजार मुले असली, तरी प्रत्यक्षात तुलना दोनच शाळांची झालेली असते.

पेशीविज्ञान: बशीत काय होते?

एकमेकांपासून स्वतंत्र नसलेल्या मोजण्या स्वतंत्र धरण्याची हीच चूक पेशीविज्ञानात वेगळ्या वेषात भेटते. आकृतीखाली ‘३०० पेशी मोजल्या’ असे लिहिलेले असते. त्या तीन बशांतील प्रत्येकी शंभर पेशी असतील, तर स्वतंत्र मोजण्या तीनच, आणि त्या तिन्ही बशा एकाच दिवशी एकाच बाटलीतून भरल्या असतील तर एकच म्हणावी लागेल. पद्धतीच्या भागात किती वेगवेगळ्या दिवशी, किती वेगवेगळ्या नमुन्यांवर प्रयोग केला, ते शोधावे.

त्यानंतर, बशीतील पेशी नेमकी कोणती होती हे तपासावे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून, तिच्या परवानगीवाचून, घेतलेल्या ‘हेला’ पेशी इतक्या जोमाने वाढतात की त्या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या इतर पेशींत शिरून त्यांची जागा घेतात. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ पेशीसमूहांत प्रत्यक्षात हेलाच्याच खुणा असल्याचे दाखवले. आज चुकीची ओळख असलेल्या पेशीसमूहांची आंतरराष्ट्रीय यादी उपलब्ध आहे. निबंधातील पेशीसमूहाचे नाव त्या यादीत शोधावे आणि पेशींची जनुकीय ओळख पटवल्याचे निबंधात म्हटले आहे का, तेही पाहावे.

बशीतील परिणाम शरीरापर्यंत पोहोचतोच असे नसते. पुरेशा प्रमाणात घातले तर मीठसुद्धा बशीतील पेशी मारते, त्यामुळे किती मात्रा वापरली आणि निरोगी पेशींचे काय झाले, हे विचारणे आवश्यक आहे. कर्करोगावरील प्राथमिक संशोधनातील ५३ गाजलेल्या निबंधांपैकी केवळ ६ निबंधांचे निष्कर्ष आपल्याला पुन्हा मिळवता आले, असे एका औषध कंपनीच्या संशोधकांनी २०१२ साली नोंदवले. २०२१ साली पूर्ण झालेल्या आणखी एका प्रकल्पात २३ निबंधांतील ५० प्रयोग पुन्हा करण्यात आले, तेव्हा परिणामाचा आकार मूळ निबंधांपेक्षा मध्यकाने (म्हणजे सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याने) ८५ टक्क्यांनी लहान निघाला. पेशीविज्ञानातील एकच निबंध हाती असेल तर तो पुढील संशोधनाची दिशा सांगतो एवढेच मानावे, आणि त्याच्या बळावर कोणतेही चूर्ण किंवा गोळी विकत घेऊ नये.

शेवटी निबंधाचे शीर्षक शोधयंत्रात टाकून त्याच्या पानावर ‘मागे घेतला’ किंवा ‘दुरुस्ती’ अशी सूचना आहे का ते पाहावे, आणि त्याच विषयावर नंतर एकत्रित आढावा निघाला आहे का तेही शोधावे. मागे घेतलेले निबंध बातम्यांत आणि निरोपांत वर्षानुवर्षे फिरत राहतात. या तपासणीला पाच मिनिटे लागतात, त्यामुळे घरात किंवा शाळेत कोणालाही तो निबंध पुढे पाठवण्याआधी ती करावी.