टाचांच्या भेगांसाठी घरचे मुठेल

गुरांच्या चरबीपासून केलेल्या मलमांची सध्या परदेशात बरीच चर्चा आहे. त्वचेवर स्निग्ध थर धरून आतला ओलावा उडू न देण्याचे तेच काम कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मुठेल, म्हणजे रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) बियांचे घट्ट तेल, करीत आले आहे.

एप्रिल-मे महिन्यांत सोले, म्हणजे रातांब्यांच्या साली, वाळत घातल्यावर उरलेल्या बिया धुऊन, त्यांना चिकटलेला गर पूर्ण काढून, कडकडीत उन्हात वाळवाव्यात. ओल राहिली तर बुरशी येते आणि तेलाला वास लागतो. टरफले फोडून आतला भाग खलबत्त्यात बारीक कुटावा, भरपूर पाण्यात घालून मंद आचेवर उकळावा आणि वर तरंगणारे तेल पळीने अलगद काढून घ्यावे. बियांमध्ये साधारण पाव हिस्सा तेल असते, परंतु घरच्या पद्धतीने ते सगळे हाती लागत नाही, हे आधीच गृहीत धरलेले बरे. काढलेले तेल पाण्याचा अंश उडेपर्यंत पुन्हा मंद तापवून फडक्यातून गाळावे आणि निवून घट्ट होऊ लागले की मुठीत दाबून त्याचे गोळे करावेत. ही शेवटची पायरी घाईने उरकू नये, कारण पाणी राहिलेले मुठेल लवकर खवट होते.

मुठेलात स्टिअरिक व ओलिक ही आम्ले प्रामुख्याने असतात आणि ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा किंचित वर. त्यामुळे गोळा थेट थंड टाचेवर घासला तर तो पसरत नाही, नुसते पांढरट कण उरतात. रात्री झोपण्यापूर्वी पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून हलकेच टिपावेत, पूर्ण कोरडे करू नयेत. स्निग्ध थराखाली कोंडायला ओलावा आधी तिथे असावा लागतो. मुठेल लहान वाटीत, गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून वितळवावे, सोसवेल इतके कोमट झाले की बोटाने भेगांमध्ये भरावे आणि वरून सुती मोजे घालावेत. मोज्यांशिवाय निम्मे मुठेल चादरीलाच लागते.

हातापायांना रोज लावायचे असल्यास तीन भाग मुठेलात दोन भाग तिळाचे तेल मिसळून मऊ मलम करता येते. पहिल्यांदा ते कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर मी ते लावणार नाही. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, अथवा मधुमेह असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना पाय दाखवावेत.