व्हीसॉक नेमस्पेसच्या भिंतीपलीकडे जातोय का, हे कसं बघायचं

नेटवर्क नेमस्पेस (लिनक्समध्ये एकाच मशीनवर नेटवर्कचा वेगळा कप्पा) बनवली की व्हर्च्युअल मशीनचं सगळं वेगळं झालं असं आपण धरून चालतो, पण व्हीसॉक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन आणि तिला चालवणारं मशीन यांच्यात बोलायचा सॉकेट, त्यात कित्येक वर्षं नव्हताच. तो आयपीवर नाही, सीआयडी नावाच्या नंबरवर चालतो, लूपबॅकला (स्वतःशीच बोलायला) १, होस्टला (मूळ मशीनला) २ आणि गेस्टला (व्हर्च्युअल मशीनला) ३ पासून पुढे, आणि अख्ख्या होस्टला मिळून या नंबरांचा एकच संच. नव्या कर्नलमध्ये आता नेमस्पेसला ग्लोबल किंवा लोकल असा मोड मिळतो. लोकलमध्ये सीआयडी त्या नेमस्पेसपुरतेच.

आधी रूट होऊन व्हीसॉक-लूपबॅक आणि व्हीहोस्ट-व्हीसॉक ही दोन मॉड्यूल्स मॉडप्रोब कमांडने कर्नलमध्ये लोड करा, मग प्रॉक-सिस-नेट-व्हीसॉकमध्ये चाइल्ड-एनएस-मोड ही फाइल आहे का बघा. नसेल तर तुमचा कर्नल जुना आहे, पुढचं सगळं सोडून द्या.

आता क्रम महत्त्वाचा. मोड नेमस्पेस जन्माला येतानाच ठरतो, नंतर बदलत नाही. म्हणून आधी दोन साध्या नेमस्पेस बनवा (डिफॉल्ट ग्लोबल असतो), मग त्या फाइलमध्ये 'लोकल' लिहा आणि मग आणखी दोन बनवा. मी एकदा उलटं केलं, लोकल हव्या होत्या त्या नेमस्पेस आधी बनवल्या आणि फाइलमध्ये नंतर लिहिलं, आणि अर्धा दिवस कर्नललाच शिव्या घालत बसलो 😅 प्रत्येकीत शिरून त्याच फोल्डरमधली एनएस-मोड ही फाइल कॅट करून (वाचून) बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

पहिल्या ग्लोबलमध्ये सोकॅटने (दोन टोकांमध्ये डेटा इकडून तिकडे नेणारं टूल) व्हीसॉक-लिसन, म्हणजे कनेक्शनची वाट बघणारा लिसनर, १२३४ पोर्टवर लावा, दुसऱ्या ग्लोबलमधून सीआयडी १, पोर्ट १२३४ ला कनेक्ट करून काहीतरी टाइप करा. पलीकडे उमटलं पाहिजे. हेच लोकल जोडीत करा, तिथे 'कनेक्शन रीसेट बाय पीअर' यायला हवं. एकदा लोकल ते ग्लोबल आणि उलटंही बघून घ्या, दोन्हीकडे नकारच मिळाला पाहिजे.

पण नकार आला म्हणून लगेच पास लिहू नका, लिसनर चालू नसला तरी हाच एरर येतो! मी तसाच पास लिहून मोकळा झालो होतो, लिसनर केव्हाच मेला होता. म्हणून लोकलमध्ये आधी त्याच नेमस्पेसमधून कनेक्ट करून बघा, ते चाललं तरच बाहेरून आलेल्या नकाराला अर्थ आहे. आणि सोकॅट एक कनेक्शन झालं की बंद होतो, म्हणजे दर वेळी नवा लिसनर लावा, नाहीतर फोर्क ऑप्शन द्या, म्हणजे तो चालू राहतो.

मग खरी मशीन्स. क्यूएमूला (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) व्हीहोस्ट-व्हीसॉक-पीसीआय डिव्हाइस गेस्ट-सीआयडी ३ देऊन दोन ग्लोबल नेमस्पेसमध्ये एकेक सुरू करा, दुसरं 'अॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून पडेल. लोकल जोडीत दोन्ही ३ घेऊन गुपचूप उठतात, जसा दोन सोसायट्यांत फ्लॅट नंबर ३ असतो तसं. दोन्ही गेस्टमध्ये एकाच पोर्टवर लिसनर लावून ज्याच्या त्याच्या नेमस्पेसमधून वेगवेगळे शब्द पाठवा आणि कुठला शब्द कुठे पोचला ते बघा, नुसतं कनेक्ट झालं यावर जाऊ नका.

गेस्टमधून सीआयडी २ ला, म्हणजे होस्टला, बोलायचं असेल तर लिसनर क्यूएमू ज्या लोकल नेमस्पेसमध्ये आहे तिथेच लावा. होस्टच्या मूळ नेमस्पेसमध्ये लावलेला लिसनर त्या गेस्टला दिसणारच नाही.