गाजलेल्या मालिकेतून दुसरी मालिका काढायची असेल तर

मालिका गाजलीये आणि चॅनल म्हणतंय यातल्याच एखाद्याची वेगळी मालिका काढा, तर लिहायला बसायच्या आधी अमेरिकेतली 'चीअर्स' आणि तिच्यातूनच निघालेली 'फ्रेझर' पाठोपाठ बघून घ्या, माझ्या मते याहून चांगली शिकवणी नाही.

कॅरेक्टर निवडताना सगळ्यात लाडकं कोण ते बघू नका, त्या घोळक्यात वेगळं कोण पडतं ते बघा. 'चीअर्स' म्हणजे बॉस्टनमधला बार, तिथे १९८४ मध्ये तिसऱ्या सीझनला डॉ. फ्रेझर क्रेन आला, मानसोपचारतज्ज्ञ, जड जड बोलणारा, आणि आजूबाजूला गप्पा हाणत बिअर पिणारी साधी माणसं, मजा तिथेच होती. आणला होता थोड्याच एपिसोडसाठी, पण १९९३ ला मालिका संपेपर्यंत राहिला.

आता खरी मेहनत. कॅरेक्टर उचललं की ज्यांच्याशी त्याची ठिणगी उडायची ती माणसं मागेच राहतात, ती जागा भरली नाही तर मालिका बसलीच म्हणून समजा. 'फ्रेझर'मध्ये त्याला थेट सिअ‍ॅटलला नेला, रेडिओवर सल्ले द्यायचं काम दिलं आणि घरात आणून बसवला रिटायर्ड पोलीस असलेला बाप मार्टिन, तोही स्वतःच्या चिकटपट्ट्या लावलेल्या जुन्या खुर्चीसकट, त्या महागड्या फ्लॅटच्या ऐन मधोमध! म्हणजे बार सुटला पण बारमध्ये शोभेल असा माणूस घरातच आला. वर भाऊ नाइल्स इतका नखरेल की त्याच्यापुढे फ्रेझर आपल्यातला वाटायला लागतो. ही मांडणी मला अजूनही थक्क करते. 'चीअर्स'इतकेच ११ सीझन झाले, ३७ एमी, म्हणजे तिथले टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळाले. उलट 'फ्रेंड्स'मधला जोई सगळ्यांचा लाडका, पण त्याचे बाकीचे पाच मित्र नसताना त्याची 'जोई' २००४ ते २००६ एवढीच टिकली.

आधी पाहुणं म्हणून आणून बघा. 'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकन मालिकेत एडिथच्या नात्यातली बहीण मॉड १९७१ च्या शेवटी आली, एडिथच्या नवऱ्याशी, आर्चीशी, कडाकडा भांडली, आणि १९७२ मध्ये तिची स्वतःची मालिका सुरू. पुढे तिच्याकडे कामाला असलेल्या फ्लोरिडाची 'गुड टाइम्स' १९७४ ला निघाली.

आणि जुने डायलॉग तपासा हं, प्रेक्षक विसरत नाहीत. फ्रेझरने बारमध्ये बाप वारला असं सांगितलेलं, मग १९९५ मध्ये बारवाला सॅम सिअ‍ॅटलला येतो तर बाप समोर बसलेला, तेव्हा फ्रेझर कबूल करतो, आमचं भांडण झालं होतं म्हणून तसं बोललो.