मेसेज गेला, पण कळलं कुणाला? सीमाभागातल्या मुख्याध्यापकांनी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळेच्या एचएमना (मुख्याध्यापकांना) त्यांच्या फोनवर शाळेचे किती ग्रुप आहेत ते विचारून बघा. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचा, सीआरपींचा (शाळांच्या एका गटाचे, म्हणजे क्लस्टरचे, साधनव्यक्ती), तालुक्यातल्या एचएम लोकांचा, स्टाफचा, एसडीएमसीचा (शाळेची पालक-समिती), अक्षर दासोहचा (शाळेतलं दुपारचं जेवण), पालकांचे वर्गवार वेगळे, वर माजी विद्यार्थ्यांचा. शिवाय गुगल फॉर्म, शीट, मीट, दीक्षा ॲप आहेच. म्हणजे साधनं भरपूर आहेत. तरी सभेला निम्मे पालक येत नाहीत, माहिती दोनदा-तीनदा मागावी लागते आणि स्कॉलरशिप अडकते. यातल्या बहुतेक घोळांचं मूळ एकच आहे. एका ग्रुपवर आलेलं दुसऱ्या ग्रुपवर ढकललं की कळवून झालं, असं आपण धरून चालतो.

कन्नड परिपत्रक जसंच्या तसं पालकांच्या ग्रुपवर

रात्री नऊला ऑफिसच्या ग्रुपवर चार पानी पीडीएफ येते. मजकूर कन्नडमध्ये, तोही सरकारी वळणाचा. एचएम ती तशीच पालकांच्या ग्रुपवर टाकतात, खाली 'सर्व पालकांनी नोंद घ्यावी'. कशाची नोंद? बाजारात कन्नड सहज बोलणाऱ्या पालकालासुद्धा परिपत्रकातली कन्नड पचत नाही. तो अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो. त्या अंगठ्याला आपण होकार समजतो.

परिपत्रक हे शाळेसाठी असतं. त्यातलं पालकांच्या कामाचं तेवढं वेगळं काढून मराठीत चार ओळींत लिहायचं, हे एचएमचं काम. असं:

'शनिवार, १४ जून. सकाळी ९ वाजता शाळेत सभा. फक्त पाचवी ते सातवीच्या पालकांनी यायचं. मुलाच्या आधारची झेरॉक्स आणि जात-उत्पन्न दाखल्यावरचा आरडी नंबर आणा. दाखला अजून काढला नसेल तरी या.'

तारखेबरोबर वार हवाच. 'उद्या' हा शब्द तर मेसेजमधून हद्दपार करा. रात्री पाठवलेला 'उद्या' पालक सकाळी वाचतो आणि एक दिवस उशिरा येतो.

कन्नड वाचायला अडचण असेल तर गुगल लेन्सने पानाचा फोटो काढून मराठी भाषांतर मिळतं. विषय काय आहे हे कळायला तेवढं पुरतं. पण 'करावे' आणि 'करू नये', किंवा शेवटची तारीख आणि सुरुवातीची तारीख, इथे मशीनवर विसंबू नका. बहुतेक शाळांत कन्नड विषयाचे एक शिक्षक असतातच, त्यांना दोन मिनिटं दाखवा. फक्त कायम त्यांच्याच गळ्यात भाषांतराचं काम पडत असेल तर वर्गाचं दुसरं एखादं काम त्यांच्याकडून काढून घ्या. नाहीतर चार महिन्यांत ते फोन उचलणं बंद करतात, आणि ते चुकीचंही नाही.

'सर, आमाला मेसेज आलाच नाही ओ'

ही तक्रार खोटी समजू नका. बऱ्याचदा ती खरी असते.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जाणारी यादी) करून पाठवत असाल, तर ज्या पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोहोचतो. बाकीच्यांना तो जातच नाही आणि तुम्हाला तसं कुणी कळवतही नाही. उपाय एकच, आणि तो प्रवेशाच्या दिवशीच करायचा. पालक समोर बसलेले असताना त्यांच्या फोनमध्ये शाळेचा नंबर सेव्ह करून घ्यायचा आणि मिस्ड कॉल द्यायला लावायचा. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, हेही लक्षात ठेवा.

ग्रुपवर पाठवला असेल तर तो मेसेज दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. कुणी वाचला, कुणाला नुसता पोहोचला, याची यादी दिसते. महत्त्वाच्या मेसेजसाठी दुसऱ्या दिवशी ही यादी वर्गशिक्षकांनी बघावी आणि उरलेल्यांना फोन करावा. तीस मुलांच्या वर्गात हे आठ-दहा फोनांचं काम आहे.

फोन कुणाच्या हातात असतो, हाही प्रश्न आहे. वडील उद्यमबागेत शिफ्टला आणि फोन त्यांच्याबरोबर. आई वडगावात मागावर नाहीतर निपाणीत विड्या वळायला, आणि मुलाच्या शाळेचं सगळं तीच बघते. अशा घरात सकाळी अकराला टाकलेला मेसेज रात्री आठाला आईपर्यंत गेला तर गेला. म्हणून प्रवेश अर्जात एकाऐवजी दोन नंबर घ्या आणि कुणाचा कुठला ते लिहा. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांची वेगळी यादी करून त्यांना साधा एसएमएस पाठवा. बहुतेक पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात, ते एरवी वायाच जातात.

पावसाची सुट्टी: आपली की चंदगडची?

हा घोळ खास आपल्याकडचा. जुलैत पाऊस लागला की बेळगावचे जिल्हाधिकारी कधी सगळ्या जिल्ह्याला, कधी फक्त खानापूर-बेळगाव अशा ठरावीक तालुक्यांना सुट्टी देतात. त्याच रात्री तिकडे कोल्हापूर जिल्ह्याचाही आदेश निघालेला असतो. आपल्या निम्म्या पालकांचं सासर नाहीतर माहेर चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडे. तिकडचा मेसेज मराठीत असतो, त्यामुळे तो आपल्या कन्नड आदेशापेक्षा आधी आणि जास्त पसरतो. त्यात कुणीतरी मागच्या वर्षीचा आदेश पुन्हा फिरवतो.

नुसतं 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असं लिहून काही होत नाही. पावसाळा सुरू होण्याआधीच पालकांना एक नियम सांगून ठेवा: सुट्टीबद्दल शाळेच्या ग्रुपवर फक्त एचएमचा मेसेज येईल. त्यात जिल्हा, तालुका, तारीख आणि वार असेल. सकाळी सातपर्यंत मेसेज आला नाही तर शाळा आहे. सुट्टी नसेल तेव्हाही, पाऊस जोरात असेल तर, 'आज शाळा आहे' एवढी ओळ टाका. आदेशाचा फोटो जोडणार असाल तर वरची तारीख आधी स्वतः वाचा.

कणकुंबी, जांबोटीच्या पट्ट्यात पावसात लाइट जाते आणि तिच्यामागोमाग टॉवरही जातो. तिथे ऑनलाइनचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. प्रत्येक वाडीवर एक माणूस ठरवून ठेवा, एसडीएमसीचा सदस्य असेल तर उत्तम. त्याला फोन लागला की वाडीचं काम झालं.

शीटमधल्या जन्मतारखा आणि गायब झालेलं शून्य

स्कॉलरशिपसाठी, एसएटीएससाठी (मुलांच्या नोंदींची राज्याची प्रणाली), यूडायससाठी (शाळांच्या माहितीची केंद्राची प्रणाली) माहिती गोळा करायला गुगल शीट फार सोयीचं. पाच शिक्षक एकाच वेळी भरू शकतात. पण सगळ्यात महागात पडणाऱ्या चुकाही इथेच होतात, कारण त्या दिसत नाहीत.

पहिली जन्मतारखेची. शीटचं लोकेल (कुठल्या देशाची पद्धत वापरायची ते सेटिंग) अमेरिकेचं असेल तर ०५/०६/२०१४ ही तारीख ते ६ मे समजतं. तुम्ही लिहिली होती ५ जून. पडद्यावर ती तशीच दिसते, घोटाळा पुढे कॉपी करताना किंवा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलताना बाहेर येतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. स्तंभ बघा: काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या, तर समजा गडबड आहे. २५/०६/२०१४ सारखी तारीख अमेरिकन पद्धतीत बसतच नाही, म्हणून शीट तिला नुसता मजकूर समजून डावीकडे ठेवतं. भरायला सुरुवात करण्याआधी 'फाइल'मधल्या 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन लोकेल 'भारत' करा. आधीच भरून झालं असेल तर नुसतं लोकेल बदलून चुकलेल्या तारखा सुधारत नाहीत. दाखल रजिस्टर समोर घेऊन त्या पुन्हा भराव्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

दुसरी खाते क्रमांकाची. शून्याने सुरू होणारा बँक खाते क्रमांक टाइप केला की पुढचं शून्य उडतं. सोळा आकडी क्रमांक असेल तर शेवटचा आकडा आपोआप शून्य होतो, कारण एक्सेल आणि शीट दोन्ही पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक हिशेब ठेवतात. एक्सेलमध्ये आधारचे बारा आकडे टाकले तर मधेच अधिकचं चिन्ह घुसलेला काहीतरी विचित्र आकडा दिसतो. तिन्हींवर इलाज एकच: भरण्याआधी तो पूर्ण स्तंभ निवडून त्याचा प्रकार 'साधा मजकूर' करायचा. आधी, नंतर नव्हे. उडालेला आकडा नंतर परत येत नाही.

तिसरी नावाची. आधारवर एक स्पेलिंग, एसएटीएसला दुसरं, बँकेत तिसरं. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की हे हमखास होतं. पालकांकडून फॉर्म भरून घेताना 'मुलाचे नाव' एवढंच विचारू नका. 'आधार कार्डावर इंग्रजीत जसं आहे तसंच, कॅपिटल अक्षरांत' असं लिहा, आणि आधार बघून शिक्षकांनी पडताळावं. फरक सापडला तर तो तेव्हाच सांगता येतो. नाहीतर पैसे का आले नाहीत हे विचारायला पालक जानेवारीत येतात.

शीटची लिंक देताना दोन टोकं टाळा. लिंक बंद ठेवली तर शिक्षकांना परवानगी मागणारं पान दिसतं आणि त्यांच्या विनंत्या तुमच्या न उघडलेल्या ईमेलमध्ये साचतात. सगळ्यांना बदल करण्याची मुभा दिली तर कुणाच्या तरी अंगठ्याने अख्खी ओळ पुसली जाते. ज्यांनी भरायचं त्यांचे ईमेल टाकूनच परवानगी द्या. पुसलं गेलंच तर घाबरू नका, 'व्हर्जन हिस्ट्री'त जुनी प्रत असते.

उघडली, पण वाचता येईना

ऑफिसमधून आलेली वर्ड फाइल फोनवर उघडली की टिंबं-टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात. फोन बिघडलेला नाही. फाइल नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली आहे आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. आपल्याकडून श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप केलेली प्रश्नपत्रिका पाठवली की समोरच्याचंही हेच होतं. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा. स्वतः पाठवताना युनिकोडमध्येच (सगळ्या फोनवर दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) टाइप करा, जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतात. ते वापरल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला.

महाराष्ट्राचे व्हिडिओ

'इयत्ता सातवी मराठी माध्यम' असं शोधलं की यूट्यूबवर जे येतं ते जवळजवळ सगळं महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवरचं. चांगलं असतं, पण आपल्या मुलांच्या हातात कर्नाटकचं पुस्तक आहे. धडे वेगळे, क्रम वेगळा. उत्साहाने ग्रुपवर टाकलेल्या दहा लिंकांतली एखादी जुळते आणि मुलं गोंधळतात.

खरं सहकार्य इथे हवं आहे. एका क्लस्टरमध्ये मराठी शाळा मोजक्याच, बाकीच्या कन्नड-उर्दू. त्यामुळे क्लस्टरच्या सभेत मराठी माध्यमाच्या साहित्याचा विषय निघत नाही. दोन-तीन क्लस्टरमधल्या मराठी शाळांनी मिळून एक शीट करावं: इयत्ता, विषय, आपल्या पुस्तकातला धडा, लिंक, आणि कुणी बघून तपासली त्यांचं नाव. न बघता टाकलेली लिंक काढून टाकायची. सहा जणांनी आठवड्याला एकेक धडा घेतला तरी सहामाहीपर्यंत वापरण्याजोगा साठा होतो.

ग्रुपवर काय टाकू नये

आधार, खाते क्रमांक, जात यांची यादी. नापासांची किंवा फी बाकी असलेल्यांची नावं. कुणाच्या घरची तक्रार. हे सांगायला लागू नये, पण 'आपलं नाव तपासा' म्हणत अख्ख्या वर्गाची यादी टाकणारे अजून आहेत. ज्याचं त्याला वेगळं पाठवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. प्रतिभा कारंजी या शालेय स्पर्धांचे फोटो टाकायचे असतील तरी प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घेऊन ठेवा.

ऑनलाइन मीटिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. झूम फुकटात ४० मिनिटं चालतं, तिघं किंवा त्याहून जास्त असतील तर मीट ६० मिनिटं. तेवढ्यात संपत नसेल तर विषय जास्त झालेत. कॅमेरे बंद ठेवले की खेड्यातल्यांचा आवाज कमी तुटतो. ठरलेलं त्याच संध्याकाळी लिहून टाका, कुणी काय करायचं ते नावानिशी.

शाळेचं खातं कुणाच्या फोनवर?

एचएमची बदली होते. नवे येतात, शाळेचा जीमेल उघडायला जातात आणि ओटीपी जुन्या सरांच्या नंबरवर जातो. ते आता अथणीकडे, वर्गात, फोन सायलेंटवर. त्या खात्यात पाच वर्षांचे फॉर्म, फोटो, पालकांची यादी. सर निवृत्त होऊन नंबर बंद केलेला असेल तर खातं गेलंच म्हणून समजा.

शाळेच्या नावाने वेगळं खातं काढा. त्याला शाळेचा स्वतंत्र नंबर जोडा आणि दुसरा रिकव्हरी नंबर सहशिक्षकांचा द्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं की, ओटीपी मिळत नसेल तेव्हा वापरायला गुगल दहा बॅकअप कोड देतं. ते कागदावर उतरवून पाकिटात बंद करून कपाटात ठेवा. पालकांच्या प्रत्येक ग्रुपवर किमान दोन ॲडमिन असू द्या. वैयक्तिक गुगल खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं, म्हणून क्वचित लागणारं खातंही सहामाहीला एकदा उघडा. आणि चार्ज देताना यादीत टेबल, खुर्च्या, तिजोरीच्या किल्ल्या लिहितो तसं खात्याचं नाव, जोडलेला नंबर, कोडचं पाकीट आणि ग्रुपची नावं लिहून दोघांच्या सह्या घ्या. नवीन एचएमनी त्याच बैठकीत, जुने सर समोर असताना, आपल्या फोनवर लॉग इन करून बघावं.